गावंडे सरांचे सावलीवाले

गावंडे सर गेल्याची बातमी आमच्या शाळेच्या ग्रुपवर आली आणि दुपारपर्यंत जोडलेल्या हातांचा खच पडला. संध्याकाळी कोणीतरी लिहिलं, मैदानाला सरांचं नाव द्यायचं चाललंय, प्रत्येकाने एकेक आठवण पाठवा, पुस्तिका काढू. मग आठवणींचा पूर आला. सर देवमाणूस होते. सरांनी पोटच्या पोरांसारखं जपलं. असा माणूस पुन्हा होणे नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि तेच मला बोचतंय. मी हे जे लिहिते आहे ते पुस्तिकेत छापलं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणारही नाही. सर किती चांगले होते, तेवढंच सांगणार आहे.

अमरावतीत पीटीच्या मास्तराला गणिताच्या मास्तराहून जास्त मान. त्यातून गावंडे सर म्हणजे उंच, ताठ, उन्हाने करपलेला माणूस. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि त्यांना पॉलिश नाही. वर्गातून उचललेला खडू ओला करून ते रोज सकाळी बुटांना फासत. पँटच्या उजव्या खिशात फुटाणे. कोणी शर्यत जिंकलं की मूठभर फुटाणे, हरलं की दोन मुठी. "जितल्याले मेडल हाय, हरल्याले काय हाय?" असं त्यांचं म्हणणं. आणि हा माणूस कधी बसत नसे. स्टाफरूममध्येसुद्धा खिडकीला टेकून उभा. बाकीचे शिक्षक म्हणत, गावंडेच्या खुर्चीवर आम्ही डबे ठेवतो.

स्वतः कधी न बसणाऱ्या या माणसाने आम्हाला मात्र सहा वर्षं बसवून ठेवलं.

आम्ही म्हणजे सावलीवाले. मैदानाच्या कडेला कडुनिंब होता, त्याच्याखाली सिमेंटचा लांब बाक. दर जूनमध्ये पाचवीत आलेल्या नव्या पोरांना सर मैदानाची एक फेरी झपाझप चालायला लावत आणि मग एकेकाच्या पाठीला कान लावून ऐकत. ज्याच्या छातीत घुरघुर ऐकू येई, त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "इच्या छातीत मांजर हाय. जा माय, सावलीत बस." एकदा सावलीत बसलेलं पोर दहावी होईपर्यंत सावलीतच. कोणाला दम्याचा मोठा त्रास, कोणाला नुसता थंडीतला खोकला, सरांना सगळे सारखेच. माझ्या छातीतलं मांजर अगदीच मरतुकडं होतं, वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या सुमारास बोलायचं. पण मला पळण्याचा मुळातच कंटाळा, म्हणून मी खुशीने बसले. सावलीत चैन होती. खेळणाऱ्या पोरांचे बूट सांभाळायचे, लिंबं चिरायची, ग्लुकोजचं पाणी ढवळायचं, कबड्डीचे गुण मोजायचे. सर आम्हाला "साहेब लोक" म्हणत. उन्हात कोणी पोर आमच्याकडे बघून हसलं, तर त्याच्या पाठीत धपाटा बसे.

आता त्यांचं जे देणं आहे, ते देऊन टाकते. आमच्या शाळेला लागून कापसाची सरकी काढायचं जिनिंग होतं. कापसाचा हंगाम आला की रुईची बारीक धूळ भिंत ओलांडून मैदानावर यायची. सर त्या जिनिंगच्या मालकाशी भांडून आले आणि भिंतीवर जुनी ताडपत्री लावून घेतली. खेळाआधी मैदानावर पाणी मारायला स्वतः बादल्या उचलत. शिपाई पाला पेटवायला लागला की ओरडत सुटायचे, "अबे, पोट्ट्यायले मारतं का? इझव ते!" कोणाला खोकला लागला की पाठ चोळत बसत, म्हणजे पाठ चोळत उभे राहत. दम्याच्या पोरांना काय सोसत नाही, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. काय सोसतं, एवढंच त्यांनी कधी विचारलं नाही.

याचं कारण कोणापासून लपलेलं नव्हतं. दर वर्षीच्या पहिल्या तासाला ते स्वतःच सांगत. सर भातकुलीकडच्या एका खेड्यातले. घरी काळ्या जमिनीची शेती, आणि पाठचा एक भाऊ, बंडू. बंडूला दमा. गावच्या जत्रेत पोरांची शर्यत लागायची. सर तेव्हा स्वतःच पोरसवदा, आणि शर्यतीत दोघं भाऊ पाहिजेत असा त्यांचाच हट्ट. "मी त्याले म्हनलं, चाल बे, मी हाय न. तो बी पयाले लागला. माह्या मांगं मांगं पयला." बंडू शर्यत संपवून बांधावर बसला तो उठलाच नाही. बैल जुंपून बंडी अमरावतीच्या रस्त्याला लागली, पण दवाखाना यायच्या आत पोरगं गेलं. तेव्हा गावात तोंडाने ओढायचा दम्याचा पंप नव्हता, डॉक्टर नव्हता. इथे सरांचा आवाज फुटायचा. ते वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहायचे, फळ्यावर काही लिहिलेलं नसलं तरी. मग वळून म्हणायचे, "मेल्यावर मेडल कोनाच्या गयात घालतेत रे?"

गोष्ट खरी होती. खोटी असती तर आमचं बरं झालं असतं. कारण त्या गोष्टीपुढे कोणाला काही बोलताच यायचं नाही.

बोलायचा प्रयत्न एकीने केला. शीतल तायडे. माझ्या शेजारी बाकावर बसायची. बसायची म्हणजे काय, तिचे पाय कधी जमिनीवर स्थिर नसत. शिट्टी वाजली की तिची टाच उचलली जायची. लिंबं चिरताना तिचं लक्ष मैदानावर, म्हणून तिची बोटं कायम कापलेली. कोण कुठे चुकलं, कोणाने उशिरा पाय उचलला, हे ती मला सांगत राहायची आणि मी जांभया देत राहायची. शाळा सुटल्यावर रस्ता मोकळा दिसला की ती दप्तरासकट पळायची. खांबापासून खांबापर्यंत. नंतर भिंतीला धरून खोकायची आणि खोकता खोकता हसायची. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, हाताला कायम ग्रीसचा वास. आई अकोल्याची.

आठवीच्या उन्हाळ्यात शीतल अकोल्याला मामाकडे गेली असताना तिला जोराचा दमा उठला. मामाने लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. जूनमध्ये ती परत आली ती दोन पंप घेऊन. बाकावर बसल्या बसल्या तिने मला ते दाखवले, दुसऱ्या कोणी पोरीने नवी बांगडी दाखवावी तसे. "हा रोजचा. सकाय-संध्याकाय. सोडाचाच नाई. अन् हा निया, हा पयाच्या आंधी." डॉक्टरांची नक्कल करून तिने सांगितलं, "डॉक्टर म्हने, कोनं सांगतलं तुले बसाले? बसून बसून छाती अजून कमजोर होते. आंधी जरा चालाचं, मंग हयूहयू, मंग जोरात. दम लागला तं थांबाचं. पन खेयाचं." मग ती उठून सरांकडे गेली. सरांनी तिचं सगळं ऐकलं, तिच्या तेल लावलेल्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, सावलीत बस."

दुसऱ्या आठवड्यात तायडेकाका ड्यूटीवरून तसेच शाळेत आले. आम्ही दोघी स्टाफरूमच्या दाराआड.

"जय भीम, सर."

"जय भीम, तायडे साहेब. या."

"सर, अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, पोरीले खेयू द्या म्हने. पंप देल्ला हाय. रोज घेते थे."

"डॉक्टर अकोल्यात हाय," सर म्हणाले. "पोरगी माह्या मैदानावर हाय."

"मी लिहून देतो न सर. काई झालं तं जिम्मेदारी माही."

"कागदाचं मी काय करू, तायडे? कागद छातीले लावू का तिच्या?" सरांचा आवाज तिथेच फुटला. "माह्या बापानं बी मलेच सोपोल्ला होता न बंडू. माह्याच भरोशावर सोपोल्ला होता."

आणि तो उंच, ताठ माणूस सगळ्या स्टाफरूमसमोर रडायला लागला. तायडेकाका आधी उभे राहिले, मग पुढे झाले, मग सरांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. जे मागायला आले होते ते तसंच ठेवून, उलट सरांनाच समजावून बाहेर पडले. नंतर त्यांच्या गल्लीतल्या कोणी तरी सुचवलं, की आपली पोर म्हणून मास्तर बसवतो, तक्रार करा. काकांनी ते साफ झटकलं. शीतलने मला त्यांचे शब्द सांगितले होते. "भेदभाव असता तं भांडलो असतो. त्याची सवय हाय आपल्याले. रडत्या मानसाशी कसं भांडाचं, हे कोनं शिकवलंच नाई."

पण सरांना काकांचं वाईट वाटलं असावं. त्यांनी शीतलला बोलावून एक वाट दाखवली. मोझरीच्या रस्त्यावर एका गावात कोजागिरीला दम्याचं औषध देतात, खिरीतून. सर दर वर्षी सावलीवाल्यांपैकी ज्यांचे आईबाप हो म्हणतील त्यांना स्वतःच्या खर्चाने गाडी करून न्यायचे. "यंदा तू चाल. औषध लागू पडलं तं मंग पाहू पयाचं." शीतलच्या डोळ्यांत जे आलं ते मी बाजूला बसून पाहिलं. सर पहिल्यांदाच "पाहू" म्हणाले होते.

आम्ही गेलो. चांदण्यात ठेवलेली खीर पळसाच्या पानावर मिळाली, वर राखाडी भुकटी. कडू लागली. पथ्य तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं: दही बंद, केळं बंद, वांगं बंद, आणि पंप बंद. पंप घेतला तर औषध बाहेर फेकलं जातं. पुढची पौर्णिमा होईपर्यंत पाळायचं. मी ते पथ्य दुसऱ्याच दिवशी वांग्याच्या भाजीपाशी मोडलं. शीतलने अक्षर न् अक्षर पाळलं. घरी काका विचारायचे, पंप घेतला का, आणि ती हो म्हणायची. तिला पळायचं होतं, म्हणून तिने पळू देणारी गोष्टच बंद केली. आणि सर रोज सकाळी प्रार्थनेनंतर तिच्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "पंप नाई न घेतला?" ती मान हलवायची. "शाब्बास माय."

मग दिवाळी आली. घरोघरी भिंती खरवडून रंग, माळ्यावरची धूळ, चार दिवस फटाक्यांचा धूर, त्यावर वऱ्हाडातली पहिली थंडी. शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात शीतल बाकावर बसल्या बसल्या काळीनिळी पडली. ती पळत नव्हती. लिंबंसुद्धा चिरत नव्हती. मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि तिला हवा आत घेता येईना. खांदे वर उचलले जात होते, गळ्याखाली खड्डा पडत होता. मी ओरडले. सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते कसे आले मला कळलं नाही, पण त्यांनी तिला उचललं आणि फाटकातून बाहेर पळत सुटले. एक बूट वाटेत निघाला तो तिथेच राहिला. रस्ता, चौक, सायकली, कशालाही न जुमानता दवाखान्यापर्यंत ते पळत गेले, आणि पोर वाचली. पुस्तिकेसाठी आलेल्या आठवणींत ही आठवण सर्वांत जास्त जणांनी लिहिली आहे. मी पण पाहिलंय. इतकं सुंदर पळणं मी पुन्हा पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, रोजचा पंप महिनाभर बंद आहे. काकांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर सरांना स्पष्ट म्हणाले, औषध तोडल्यामुळे झालं हे. सरांनी मान हलवली. ऐकलं सगळं. पण त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशोब लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ते म्हणाले, "पाह्यलं न रे? बसली होती तरी असं झालं. पयली असती तं?"

त्यांनीच बंद करवलेल्या पंपामुळे जे झालं, तेच त्यांच्या बाजूचं सर्वांत मोठं प्रमाण ठरलं. आणि असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी कुठेच नव्हती. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते कळतं.

शीतल उठली तशी काका शहाणे झाले. शाळेचा नाद सोडून ते पहाटे तिला सायकलने शहराबाहेर वडाळीच्या तलावाकडे न्यायला लागले. निळा पंप, मग थोडं चालणं, मग हळू, मग जोरात. थंडीत नाकातोंडावर आईचा स्कार्फ गुंडाळून. काका शेजारून सायकल चालवायचे. "बाबायची चैन पडते सायकलची, मी नाई थांबत," असं ती मला फुशारकीने सांगायची. जानेवारीपर्यंत तिचा खोकला निम्म्यावर आला. बाकावर ती आता पाय न हलवता बसायची, गुपित असलेल्या माणसासारखी.

आणि मग रिलेचा दिवस आला. आमच्या मुलींचा चौघींचा संघ चांगला होता. जिल्ह्याला जायची पहिल्यांदाच आशा होती. स्पर्धेच्या सकाळी चौघींतल्या एकीचा पाय मुरगळला. बदली मुलगी तापाने घरी. पंचांनी सांगितलं, चार नावं द्या नाहीतर नाव मागे घ्या. मैदानाच्या कडेला आम्ही दोघी, मी बुटांवर, शीतल लिंबांवर. संघातल्या पोरींनाही वडाळीचं ठाऊक होतं. शाळेत गुपित किती टिकतं? त्याच म्हणाल्या, "सर, शीतलले घ्या न. थे पयते. रोज पयते."

सरांनी शीतलकडे पाहिलं. ती उभी होती. तिने पंप आधीच घेतला होता, तिथल्या तिथे चालून पाय मोकळे केले होते, चपला काढून ठेवल्या होत्या.

"सर, मी पयते."

"नाई."

"सर, बाबायले विचारा. रोज पयते मी. काईच होत नाई. हा पाहा पंप."

सर पुढे आले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. पंचांना म्हणाले, "नाव मांगं घेतो." पोरी रडायला लागल्या. कॅप्टन होती ती शीतलकडे वळून म्हणाली, "तू नसतीच इथं, तं सरनं दुसरी कोनीतरी पाह्यली असती." हे काही खरं नव्हतं, पण रागात माणूस जवळचं सापडेल ते उचलतो. शर्यत झाली, बाकीच्या शाळा पळाल्या. ती सुरू होऊन संपेपर्यंत सरांनी शीतलचं मनगट सोडलं नाही. त्यांना वाटत असावं, सोडलं तर ही पोर तशीच पळत सुटेल. ती हललीही नाही. घरी जाताना तिने मला हात दाखवला. बोटं उमटली होती.

त्यानंतर ती सावलीत आली नाही. पीटीच्या तासाला वाचनालयाच्या खोलीत जाऊन बसायची. वडाळीला जाणंही हळूहळू सुटलं. काकांची पाळी बदलली हे निमित्त. सर तिच्यासाठी माझ्याजवळ फुटाणे पाठवायचे. "दे माय तिले. रुसली हाय." ती घ्यायची नाही. मी खाल्ले. चांगले असायचे, ताजे, हळदीमिठाचे.

कॉलेजनंतर शीतलने पोलीस भरतीचा फॉर्म भरला. अभ्यासात ती पक्की होती, पण मैदानी परीक्षेत आयुष्यात पहिल्यांदा पोरींच्या घोळक्यात पळायची वेळ आली. कुठे राखायचं, कुठे सोडायचं, हे ज्या वयात अंगात मुरतं त्या वयात ती लिंबं चिरत होती. ती शिट्टीबरोबर जीव खाऊन सुटली आणि निम्म्यातच संपली. "छाती साफ होती गं," तिने मला फोनवर सांगितलं. "पंप खिशात होता, लागला बी नाई. पायच नाई उचलले." पुढे ती जिल्हा परिषदेत लागली, संसार झाला, सगळं नीट आहे. ती खुर्चीवर बसून काम करते आणि काम चांगलं करते. तिला विचारलं तर म्हणेल, काही वाईट झालं नाही. मी विचारत नाही.

तिची मुलगी स्वरा चौथीत आहे. तिलाही दमा आहे, आणि ती खो-खो खेळते. तिच्या शाळेतल्या मास्तरांनी सुरुवातीला तिला बाजूला बसवलं होतं. शीतल दोन पंप आणि डॉक्टरांना घेऊनच शाळेत गेली, आणि मास्तरांना म्हणाली, "रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मी थांबते." मास्तर बिचारे रडले नाहीत. स्वरा त्या दिवसापासून मैदानावर आहे.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे अकोल्याला राहायला गेले होते. या पावसाळ्याच्या शेवटी मी शीतलला म्हटलं, सर फार थकलेत म्हणतात, भेटून येऊ. मला वाटलं नव्हतं, पण ती लगेच हो म्हणाली. बसमध्ये बडनेरा गेल्यावर तिने कारण सांगितलं. "मले एकच पायजे. एकदा म्हनाव त्यायनं, चुकलं म्हून. स्वरासाठी नाई. स्वराचं मी पाह्यलं. माह्यासाठी."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मी सांगन न त्यायले. सांगतल्याशिवाय कसं कयन? आजलोक कोनंच सांगतलं नाई त्यायले."

हे खरं होतं. दवाखान्यातले डॉक्टर पंपाबद्दल बोलले तेवढंच; पळू दिलं नाही हे चुकलं, असं तीस वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सर खिडकीशेजारच्या पलंगावर होते. अंगाचं पार चिपाड झालेलं, पण दाढी केलेली, सदरा स्वच्छ. सूनबाईंनी आधीच सांगितलं, ऐकू फारसं येत नाही, कानाशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि त्यांचा स्वतःचाही आवाज आता बारीक झालाय. मनापासून करणारी, चांगली बाई होती. सासऱ्यांचं सगळं तीच करायची. उशी नीट करताना त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारायची पद्धतच सांगत होती की हा माणूस तिला बापासारखा आहे. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आमची नावं सांगितली. माझं नाव त्यांना आठवलं नाही. शीतलचं ऐकताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"शीतल! तायडेची शीतल!" तिचा हात त्यांनी छातीवर धरला. मग सुनेकडे पाहून म्हणाले, "हे पाय. हिले म्या पयू देल्लं नाई. सगये मांगं लागले, बाप आला, डॉक्टर आला, पन नाई म्हंजे नाई. म्हून हे आज उभी हाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बंडूले नाई वाचवू शकलो. पन हिले वाचवलं."

शीतल वाकली आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सर, मी पयू शकत होती. तुमचं चुकलं. तुमी मले पयू द्याले पायजे होतं."

सर तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग सुनेला विचारलं, "काय म्हंते वं?"

सूनबाईंनी शीतलकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणी होती. मग त्या सासऱ्यांच्या कानाशी वाकल्या आणि खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, त्या म्हंतेत, तुमचे लय उपकार हायेत! तुमच्यामुयेच मी जगली, म्हंतेत!"

सरांचा चेहरा एकदम निवला. मान हलली, ओठ हलले, आणि त्यांनी हात शीतलच्या डोक्यावर ठेवला. तो तिथेच ठेवून त्यांनी डोळे मिटून घेतले. असा तृप्त चेहरा मी माझ्या ओळखीच्या दुसऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याचा पाहिलेला नाही.

शीतल त्या हाताखाली तशीच वाकून उभी राहिली. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही.